जुनं गाणं टिकतं कशामुळं?

चूल पेटलेली असेल तर पेटलेली राहू द्या. निवडायला घेतलेले तांदूळही खाली ठेवू नका. आज आपण गाण्यांबद्दल बोलणार आहोत, आणि गाणं ऐकायला हात थांबवावे लागत नाहीत.

हा विषय निघाला एका हळदीत. आमच्या गटातल्या एकीच्या लेकाचं लग्न होतं. मंडपात मोठाले स्पीकर लागले होते. आजूबाजूच्या भांड्यांनाही हादरे बसत होते. शेवटी घरातल्या थोरल्या सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "बंद करा ती धडधड. जुनी गाणी लावा, कान तरी निवतील." त्यावर धाकटी सून हसत हसत म्हणाली, "आत्याबाई, जुनं ते सगळं सोनंच का हो? तुमच्या वेळी वाईट गाणी निघालीच नाहीत?"

सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या. पण प्रश्न खरा होता. जुनं आणि चांगलं यात फरक आहे, तो कसा ओळखायचा? काही गाणी पन्नास-साठ वर्षं होऊनही ताजी राहतात, आणि त्याच वर्षी निघालेली बाकीची कुणाला आठवतही नाहीत, असं का होतं?

आम्हाला हा प्रश्न आणखी एका कारणानं लागला. आमच्या गटात एक आजी होत्या. हळदीची, घाण्याची, पाळण्याची कितीतरी गाणी त्यांना येत होती. आम्ही दर बैठकीत म्हणायचो, "आजी, पुढच्या खेपेला तुमची गाणी फोनवर भरून घेऊ." कधी कापूस वेचणी आडवी आली, कधी बँकेचं काम. मागच्या आषाढात आजी गेल्या. त्यांच्यासोबत गाणीही गेली. त्या हळदीत जुनी गाणी लावा म्हटलं, तेव्हा फोनवर सिनेमाची गाणी सापडली. आजींची सापडली नाहीत. त्यामुळं हा विषय आम्हाला नुसत्या करमणुकीचा वाटत नाही.

काळाची चाळण

आधी सुनेच्या प्रश्नाचं उत्तर देऊ. हो, जुन्या काळीही वाईट गाणी निघत होती, आणि ढिगानं निघत होती. दर वर्षी किती सिनेमे आले, किती तबकड्या निघाल्या! त्यातली बहुतेक गाणी आपण विसरलो. धान्य चाळणीतून काढावं तसं काळानं बारीक-पोचट खाली पाडलं आणि टपोरे दाणे वर राहिले. आपण आज त्या वरच्या दाण्यांकडं बघून म्हणतो, पूर्वी सगळंच पीक चांगलं यायचं. आजच्या गाण्यांची चाळण अजून व्हायची आहे. म्हणून आजच्या ढिगात पोचट जास्त दिसतं.

दुसरी गोष्ट आपल्या वयाची. माणसाच्या आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं आहे, की साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी माणसाला म्हातारपणीही ठळक आठवतात. नीट पाहिलं तर हे आपल्यालाही पटेल. शाळा, पहिली मैत्रीण, लग्न, सासरचा पहिला उंबरा, पहिलं लेकरू, सगळं त्याच वयात घडतं. त्या वेळी कानावर पडलेलं गाणं त्या आठवणीला चिकटून बसतं. गाणं लागलं की आपण गाण्यासोबत आपलं तरुणपणही ऐकतो. म्हणून प्रत्येक पिढीला आपल्याच वेळची गाणी चांगली वाटतात. सासूबाईंना त्यांची, सुनेला तिची, आणि उद्या नातीला आजची.

मग खरी कसोटी काय? आम्हाला असं वाटतं: जे गाणं निघालं तेव्हा जी जन्मालाही आली नव्हती, तिला ते आपलं वाटलं, तर ते गाणं टिकलं. आठवणीचा टेकू काढून घेतल्यावरही जे उभं राहतं, ते खरं टिकाऊ.

बुगडीची लावणी

एक उदाहरण घेऊ. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' नावाचा मराठी सिनेमा आला. दिग्दर्शक अनंत माने. त्यातली बुगडीची लावणी तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची, आवाज आशा भोसले यांचा आणि पडद्यावर नाच जयश्री गडकरांचा. गाण्याला साठ वर्षं उलटून गेली. तरी आज शाळेच्या गॅदरिंगमध्ये दहा वर्षांची मुलगी नऊवारी नेसून त्यावर नाचते. तिनं सिनेमा पाहिलेला नाही. बुगडी काय असते, हेही तिला आजीला विचारावं लागतं. तरी गाणं तिचं होतं. कशामुळं?

पहिलं कारण, गाण्यात धरायला एक वस्तू आहे. कानाच्या वरच्या पाळीला घालायचा एक छोटासा दागिना. प्रेम, विरह असे मोठे शब्द हवेत राहतात. बुगडी डोळ्यांपुढं येते. दागिना हरवल्यावर बाईच्या पोटात कसा गोळा येतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

दुसरं कारण, त्यात गोष्ट आहे. साताऱ्याच्या वाटेवर दागिना हरवला आणि घरी कळायला नको, एवढ्यावर गाणं उभं आहे. बुगडीचं निमित्त पुढं आणि आतली गोष्ट वेगळीच. ती कडव्याकडव्यानं उलगडते, आणि ऐकणारीला थोडं स्वतः ओळखावं लागतं. आपण जे स्वतः ओळखतो ते लक्षात राहतं. पाणवठ्यावर मैत्रीण अर्धीच गोष्ट सांगून गप्प बसली, तर दिवसभर आपल्या डोक्यात तीच घोळते ना? तसं.

तिसरं कारण, भाषा. माडगूळकर माणदेशच्या मातीतले. त्यांनी लावणीत बायकांच्या तोंडचीच बोली ठेवली. पुस्तकी शब्द जुने झाले की जड होतात. बोलीतले शब्द घरात वापरात राहतात, म्हणून गंजत नाहीत.

चौथं कारण, चाल. गाण्याचा पहिला भाग, म्हणजे मुखडा, छोटा आहे आणि प्रत्येक कडव्यानंतर परत येतो. एकदा ऐकला की ओठांवर बसतो. बाजूला ढोलकी नसली तरी नुसत्या टाळ्यांवर गाणं उभं राहतं. हे फार महत्त्वाचं आहे. ज्या गाण्याला मोठा वाद्यवृंदच लागतो, ते घरात येऊ शकत नाही. जे भांडी घासताना एकटीला गुणगुणता येतं, ते घरचं होतं.

आणि पाचवं, आवाज. आशाबाईंच्या गळ्यात ठसका आहे, पण शब्द एकही गिळलेला नाही. प्रत्येक अक्षर कानावर स्वच्छ येतं. म्हणून ऐकूनच पाठ होतं, कागद लागत नाही.

तीन मिनिटांचा साचा

जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांचीच का, असा प्रश्न कधी पडला का? त्याचं उत्तर तबकडीत आहे. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत आणि मिनिटाला ७८ फेरे फिरत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. तेवढ्यात मुखडा, दोन-तीन कडवी आणि मधले वाद्यांचे तुकडे बसवायचे. म्हणून कवीला शब्द तोलून घ्यावे लागत आणि संगीतकाराला पाल्हाळ लावता येत नसे. डबा लहान असला की आपण भाकरीही नीट घडी घालून ठेवतो, तसंच हे. पुढं मोठ्या तबकड्या आल्या, कॅसेट आल्या, जागा वाढली. पण तोवर कानाला तोच साचा गोड लागायला लागला होता.

रेडिओनं काय केलं

गाणं कितीही चांगलं असलं तरी एकदाच ऐकून ते मनात घर करत नाही. तोच आवाज पुन्हा पुन्हा कानी पडला की ओळख होते, आणि ओळखीतून माया. हे काम रेडिओनं केलं. मुंबईचं केंद्र १९२७ साली सुरू झालं, पुण्याचं १९५३ साली. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवर सिनेमाची गाणी फार कमी केली होती. सरकारला वाटत होतं, लोकांनी शास्त्रीय आणि सुगम संगीत ऐकावं. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. तिथं अमीन सायानींची बिनाका गीतमाला घरोघर ऐकली जाऊ लागली. शेवटी १९५७ साली आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली आणि सिनेमाची गाणी परत आली. यातून एक गोष्ट कळते. कुठलं गाणं चांगलं ते वरून हुकूम काढून ठरत नाही.

पण त्याच आकाशवाणीनं एक मोठं कामही करून दाखवलं. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. वर्षभर आठवड्याला एक नवं गाणं, अशी एकूण ५६ गाणी. रामकथा सगळ्यांना आधीच माहीत होती. तरी लोक पुढच्या गाण्याची वाट बघत बसायचे. रेडिओ सगळ्यांकडं नव्हता. ज्याच्या घरी असेल तिथं आळी गोळा व्हायची. म्हणजे गाणं एकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून ऐकलं, त्यावर बोलणं झालं, पुढच्या आठवड्याची हुरहूर लागली. आज फोनवर हजार गाणी आहेत, पण प्रत्येकीच्या कानात वेगळं. एकत्र ऐकलेलं गाणं गावाचं होतं, कानात बोंड घालून ऐकलेलं एकटीचं राहतं. आपण रेडिओवर बोलतो ते यासाठीही.

ज्यांना रेडिओ मिळाला नाही

आता दुसरी बाजू पाहू. तबकडी आणि रेडिओ सगळ्यांच्या वाट्याला आले नाहीत. तरी काही गाणी टिकली.

नाशिक जिल्ह्यातले वामनदादा कर्डक मोठे झाल्यावर लिहायला-वाचायला शिकले. बाबासाहेबांच्या विचारांची गाणी त्यांनी लिहिली आणि गावोगावी, वस्त्यावस्त्यांत फिरून गायली. त्यांची गाणी लोकांनी वह्यांत उतरवून घेतली, जयंतीला गायली, पुढच्या पोरांना शिकवली. २००४ साली वामनदादा गेले. गाणी अजून भीमजयंतीला उभी राहतात, कारण लोकांना त्यांची गरज आहे. ज्या गाण्यानं माणसाला मान वर करायला शिकवलं, ते माणूस विसरत नाही.

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या लेक. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकानं त्यातली काही लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. पुढं १९६१ च्या 'मानिनी' सिनेमात त्यांच्या रचना आल्या आणि महाराष्ट्रभर गेल्या. विचार करा, मैत्रिणींनो. ती वही भरली गेली नसती तर? गाणी तेवढीच चांगली असती, पण आपल्यापर्यंत पोचली नसती. शेतातच विरली असती.

म्हणजे गाणं चांगलं असणं पुरत नाही. कुणीतरी ते जपावं लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी त्यांच्या साथीदारांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ते बरंच झालं. पहाटे उठून दळायचे कष्ट कुणालाही परत नकोत. पण जात्यासोबत ओवी जायचं कारण नव्हतं. आपलं सुखदुःख, माहेरची ओढ, सासरचा जाच, भावाची वाट, हे सगळं बाईनं तिथंच मोकळं केलं होतं. ती आपल्या आज्यांची वहीच होती, कागद नसलेली.

सगळंच डोक्यावर घ्यायचं का?

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गाणं जुनं आहे, चाल गोड आहे, म्हणून त्यातला प्रत्येक शब्द मान्य करायचा असं नाही. काही जुन्या गाण्यांत बायकोला मारण्याची थट्टा आहे, काळ्या रंगाची टिंगल आहे, मुलगी झाली म्हणून रडणं आहे. आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले. एक म्हणाली, "गंमत आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" दुसरी म्हणाली, "मी मार खाल्लाय. मला गंमत वाटत नाही." त्यावर कुणी काही बोललं नाही.

शेवटी आमचं असं ठरलं. अशी गाणी पुसून टाकायची नाहीत. भरून ठेवायची, म्हणजे त्या काळी काय चालायचं ते पुढच्यांना कळेल. पण मंडपात लावायची नाहीत आणि पोरींना नाचायला शिकवायची नाहीत. जपणं वेगळं आणि मिरवणं वेगळं.

नाव कुणाचं?

आपल्याला गाणाऱ्याचं नाव माहीत असतं, नाचणारीचं असतं, लिहिणाऱ्याचं नसतं. आपलं राज्यगीत घ्या. शाहीर साबळेंचा आवाज सगळ्यांना ठाऊक. शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची, हे किती जणींना माहीत होतं? लोक हे गाणं दशकानुदशकं गात होते. राज्यगीताचा मान त्याला २०२३ साली मिळाला. आधी लोकांनी स्वीकारलं, सरकारी शिक्का मागाहून बसला.

कायदाही लिहिणाऱ्याचा हक्क मानतो. आपल्या देशात गीताच्या शब्दांवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. माडगूळकर १९७७ साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरच्या हक्काची मुदत २०३७ अखेरपर्यंत आहे. ओवीला असा एक धनी नसतो, ती पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी मिळून रचलेली. म्हणूनच ती गाणारीचं नाव तरी आपण आठवणीनं लिहायला हवं. नाहीतर "पारंपरिक" असा एक शब्द लिहून सगळ्या बायकांची नावं पुसली जातात.

आता आपण काय करायचं?

आमच्या आजींच्या बाबतीत जे चुकलं ते तुमच्याकडं चुकू नये, म्हणून सांगतो. काम अवघड नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत शेवटची वीस मिनिटं गाण्यांना द्या. गावातल्या सगळ्यांत वयस्कर बाईपासून सुरुवात करा. त्यांना बैठकीला आणता येत नसेल तर आपण त्यांच्या घरी जा. आधी विचारा, "गाणं भरून घेऊ का? दुसऱ्यांना ऐकवलं तर चालेल का?" नाही म्हणाल्या तर त्यांचा मान राखा. पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन तोंडाजवळ एक हातावर धरा. गाण्याआधी त्यांचं नाव, गाव, माहेर आणि त्या दिवसाची तारीख बोलून घ्या. गाणं कुणाकडून शिकल्या आणि कधी म्हणायचं असतं, तेही विचारा. घाई करू नका. म्हाताऱ्या माणसाला काल जेवण काय केलं ते आठवत नाही, पण चाल धरली की अनेकदा शब्द आपोआप येतात. एका फोनवर ठेवून भागत नाही, फोन पाण्यात पडतो. दुसऱ्या फोनवर आणि मेमरी कार्डावर उतरवा. शब्द वहीतही लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीला लिहायला बसवा, म्हणजे तिच्याही कानावर पडेल.

आणि एखादं गाणं खरंच टिकाऊ आहे का, हे बघायचं असेल तर एवढं विचारा. वाद्यांशिवाय म्हणता येतं का? एकदा ऐकून मुखडा लक्षात राहतो का? त्यात आपल्या ओळखीचं काही आहे का? आणि आजी आणि नात दोघींना ते म्हणावंसं वाटतं का?

त्या हळदीत पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. स्पीकर बंद झाला. सासूबाईंनी घाण्याचं एक गाणं धरलं, पण दुसऱ्या कडव्यालाच अडल्या. "ते आजींना यायचं," असं म्हणून थांबल्या. कुणालाच पुढचं येईना. तेव्हा धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई, जेवढं येतंय तेवढं म्हणा. मी भरून घेते." दीड कडवं मिळालं. तेवढंच आज आमच्याकडं आहे. उरलेलं कुणाला येत असेल, तर मैत्रिणींनो, आमच्या केंद्रावर या आणि म्हणून दाखवा. आम्ही वाट बघतोय.